वहिनीच्या रश्शात काय असतं

"थांब, हात धुऊ नकोस. हाताला काही लावलंयस का?" ताईंनी विचारलं.

"घाम," थोरली म्हणाली.

ताईंनी तिचं मनगट धरून बोटांचा वास घेतला, खात्री झाल्यावर हात सोडला आणि स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एका स्टुलावर बैठक मारली. येताना त्यांनी पिशवीतून वजनकाटा, मनगटी घड्याळ आणि सुई काढून टाकलेली इंजेक्शनची मोठी पिचकारी आणली होती. ऑपरेशनची हत्यारं मांडावीत तशी ती त्यांनी ओट्यावर ओळीने मांडली आणि म्हणाल्या, "हं, कर सुरुवात. मी इथे नाहीच असं समज."

ताई इथे नाहीत असं समजणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. जन्मभर त्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या, निवृत्त होताना वॉर्डच्या मुख्य. त्यांच्या वॉर्डातले पेशंट चटकन बरे होऊन घरी जात. ते औषधाने की धास्तीने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. थोरली ही त्यांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ वयाने मोठा असूनही बहिणीला ताईच म्हणायचा. लहानपणी तिने एकदा त्याला तसं बजावलं होतं आणि पुढे ते मागे घ्यायचं राहून गेलं होतं.

आज ताई आल्या होत्या त्या रश्शासाठी. कोंबडीचा साधा रस्सा. कांदा, टोमॅटो, आलं, लसूण, मिरी. कुठल्याही घरात याहून जास्त डबे असतात. पण हा रस्सा सासूबाईंचा होता, आणि त्या गेल्यावर तो थोरलीकडे आला होता. घरातली माणसं कुठेही जेवायला जमली की बाकीच्यांनी काय आणायचं यावर चर्चा व्हायची. थोरलीने काय आणायचं यावर कधी झाली नाही.

कृती तिने कोणापासून लपवली नव्हती. जावेला सांगितली, भाचीला सांगितली, शेजारणीच्या सुनेला दारात उभ्या उभ्या सांगितली. सगळ्यांनी ती ऐकली, केली, आणि कोणाचाच रस्सा तसा झाला नाही. आता रस्सा बिघडला तर आपलं काही चुकलं असेल असं म्हणायची त्या घराण्यात रीत नव्हती. तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं, की वहिनी काहीतरी सांगत नाही. धाकटी जाऊ तर स्पष्टच म्हणायची, "थोरल्या वहिनी मनाने फार चांगल्या हो, पण रश्शाच्या बाबतीत हातचं राखून असतात."

थोरलीकडे राखून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. खिडकीशी तिचं शिवणाचं मशीन होतं आणि शेजारच्या टोपलीत शिंप्याने पाठवलेले शर्ट. ती त्यांना काजं करायची, बटणं लावायची. दुसऱ्याने कापलेलं, दुसऱ्याने शिवलेलं, तिसऱ्याच्या अंगावर जाणारं. त्यात तिचा वाटा तेवढाच. शर्ट कोणी वाखाणला तर शिंप्याला वाखाणायचे. त्याचं तिला काही वाटायचं नाही. लोक तिचं नाव काढायचे ते रश्शावरून, आणि तेही चोर म्हणून.

"तेल किती?" ताईंनी पिचकारी पुढे केली.

"पातेल्याचा तळ भिजेल एवढं."

"मिलीमध्ये सांग."

"ताई, मी आजवर कधी मोजलं नाही हो."

"म्हणून तर मी आले." ताईंनी पिचकारीत तेल ओढलं, उजेडाकडे धरून आतला बुडबुडा बाहेर काढला आणि पातेल्यात सोडलं. कांदा वजन करून पडला. मीठ वजन करून बाजूला गेलं. मिरीचे दाणे मात्र थोरलीने चिमटीने टाकले, तर ताईंनी ते पातेल्यातून चमच्याने पुन्हा वर काढले, मोजले आणि परत सोडले.

मग कांदा परतायला लागला, आणि परततच राहिला.

"झाला की," थोड्या वेळाने ताई म्हणाल्या.

"नाही अजून."

"गुलाबी झालाय. सगळीकडे गुलाबीच सांगतात."

"थोडा थांबा."

"गॅस मोठा कर ना मग. एवढ्याशा आचेवर माणूस म्हातारा होईल."

"मोठ्या आचेवर करपतो. आतून कच्चाच राहतो. सावकाश होऊ द्यायचा. आई तेवढंच सांगायच्या, कांदा नीट भाज, बाकी कोणालाही येतं."

ताईंनी हे ऐकलं. म्हणजे त्यांच्या कानांवर पडलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हॉस्पिटलातल्या नव्या सिस्टरबाई अजूनही अडलं की त्यांनाच विचारायच्या. "चादरी बदलल्या का आधी ते सांग," असं म्हणत ताई बाल्कनीत गेल्या. तिथून त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. त्या परत आल्या तोवर कांद्याला खजुराचा रंग आला होता आणि घरभर वास सुटला होता.

ताई दारातच थबकल्या. नाकाने एक लांब श्वास घेतला. मग ओट्याकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं.

"मी नव्हते तेव्हा काय घातलंस?"

"काही नाही. ढवळत होते."

"काही नाही," ताई स्वतःशीच म्हणाल्या. "नेमकी मी बाहेर गेले तेव्हा."

बाहेरच्या खोलीत थोरलीचे यजमान वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते जरासं हललं आणि पुन्हा स्थिर झालं. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचत त्यांचा जन्म गेला होता. लोकांच्या दारात जायचं, आकडा बघायचा आणि आत चाललेल्या भांडणात पडायचं नाही, ही सवय त्यांनी घरीही ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात ताईंचे यजमान एक डबा घेऊन आले. अबोल, सडपातळ गृहस्थ. लग्नानंतर हळूहळू अबोल होत गेलेले. डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांवर घेऊन बसले.

"चाखून बघा म्हणाली. खरं काय ते सांगायचं. पण मला सांगू नका, तिला फोनवर सांगा. मी नुसता पोचवायला आलोय."

थोरलीने वाटीत काढून चाखलं. मग वाटी नवऱ्याकडे सरकवली. त्यांनी एक चमचा घेतला, वरच्या पंख्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

ताईंचे यजमान पहिल्यांदाच हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्यामुळेच असेल असं खात्रीने म्हणता येईना. "आठवडाभर हाच आहे घरी," ते म्हणाले. "रोज नवा. काट्यावर वजन करून. वहिनी, तुमच्या पाया पडतो, तिला काय ते सांगून टाका हो."

"भाऊजी, सगळं सांगितलंय मी."

"तेच तर ती मानत नाही."

कांदा कच्चा होता, एवढंच. मोठ्या आचेवर कडेने करपलेला आणि आत कच्चा. थोरलीने फोन करून तसं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता पसरली, आणि ताईंकडून शांतता म्हणजे काहीतरी भयंकर येणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण ताई काही न बोलता फोन ठेवून थेट घरीच आल्या.

दुपारची वेळ होती. यजमान बाहेर वर्तमानपत्रामागे होते. ताई आत येऊन स्टुलावर बसल्या. आज वजनकाटा नव्हता, पिचकारी नव्हती. थोरलीने पाणी दिलं, त्यांनी ते प्यायलं नाही.

"मी तुझ्याशी भांडायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या भांडणाआधी नेहमीच म्हणत, म्हणून थोरली सावरून उभी राहिली. पण ताईंचा आवाज चढला नाही. "शेवटी शेवटी आईचे हात कापायचे. तू तिचे हात झालीस. ती खुर्चीत बसून सांगायची, तू करायचीस. मला माहितीये ते. मला तेव्हा लागोपाठ ड्युट्या असायच्या. माणसं कमी होती वॉर्डात. मी लोकांच्या आयांना उठवून बसवत होते, आणि माझी आई इथे."

थोरलीने पाण्याचा पेला त्यांच्याकडे जरा सरकवला.

"एकदा मी तिला म्हटलं, आई, रस्सा कसा करतेस ते मला सांग ना. तर म्हणाली, वहिनीला विचार, तिला सगळं सांगितलंय." ताईंनी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सगळं. तिला. मी पोटची पोर, आणि मला म्हणे वहिनीला विचार. तुझ्यावर राग नाही माझा. तुला दिलं ते तुझं. पण माझ्यासाठी एवढंसुद्धा ठेवू नये तिने?"

थोरलीला एकदम कळलं, की ही बाई इतकी वर्षं रस्सा मागत नव्हतीच. सासूबाई तसं म्हणाल्या असतील यात शंका नव्हती. त्या थकल्या होत्या, बोलायला श्वास पुरत नव्हता, आणि सून समोरच उभी होती. 'वहिनीला विचार' म्हणजे एवढंच. पण हे आता कितीही समजावलं तरी ताईंना ते समजावणंच वाटलं असतं.

थोरलीला खोटं बोलायचा सराव नव्हता. ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकीच्या कट्ट्यावर संत्र्याची सालं वाळत पडली होती. कपड्यांच्या कपाटात ठेवली की कसर लागत नाही म्हणून ती वाळवायची.

"एक गोष्ट आहे," ती म्हणाली.

ताईंनी मान वर केली.

"मला करायला नको म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, हे माझ्या लेकीचं आहे. तिला सवड झाली की तिला सांग. तू घालू नकोस." थोरलीचे कान तापले होते. "तुम्हाला सवड कधी झालीच नाही. आणि मग त्या गेल्या. मग मला वाटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू."

"काय आहे?" ताईंचा आवाज इतका बारीक झाला होता, की बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटलं तेही ऐकू आलं.

"संत्र्याचं साल. वाळवलेलं. कांद्याबरोबर तेलात टाकायचं, आणि..." इथे थोरलीला काजं करणारीची बुद्धी सुचली. काजाचा दोरा ओढायची घाई केली की कापड चुरगळतं. घाईच्या बाईला नुसतं 'सावकाश कर' म्हणून भागत नाही, तिच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. "आणि ते साल काळपट होईपर्यंत पातेल्यापासून हलायचं नाही. आच बारीक. मोठी केली तर साल कडू होतं आणि सगळं वाया जातं. त्याच्यावर डोळा ठेवून ढवळत राहायचं. साल काळपट झालं की काढून टाकायचं आणि मग पुढचं."

ताईंनी ओठांतल्या ओठांत ते सगळं पुन्हा म्हटलं. मग पाणी प्यायल्या. मग उठल्या, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. तो जरा जोरातच फिरला, पेशंटला कूस बदलायला लावावी तसा.

ताई गेल्यावर बाहेरून आवाज आला, "आईने हे कधी सांगितलं?"

"आत्ताच," थोरली म्हणाली.

वर्तमानपत्राची घडी झाली. थोड्या वेळाने पुन्हा प्रश्न आला, "आणि सालाने बिघडला तर?"

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने अर्धी कोंबडी आणली आणि बोटाएवढं साल घालून रस्सा केला. यजमानांनी खाल्ला. म्हणाले, "आता कसर लागायची नाही मला." घाबरून तिने ताईंना फोन लावला.

"ताई, साल नखाएवढंच घ्यायचं हं. मी सांगायला विसरले."

"विसरलीस," ताई म्हणाल्या. आवाजात जुना संशय जागा झाला होता. "अजून काय काय विसरलीस?"

"काही नाही. शप्पथ."

"उद्या आठवलं तर रात्री-अपरात्री कर फोन, पण सांग."

दुसऱ्या दिवशी नखाएवढं घालून तिने पुन्हा करून पाहिला. सालाची चव लागलीच नाही, असून नसल्यासारखी. यजमान म्हणाले, आता नेहमीसारखा झालाय. तेव्हा तिला झोप लागली.

धाकट्या दिराने नवीन घर घेतलं होतं. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. थोरलीने सवयीने विचारलं, किती जणांचा रस्सा आणू, तर धाकटी जाऊ फोनवर घुटमळली. "वहिनी, ताई म्हणाल्यात की त्या आणणार. तुम्ही नुसत्या या. आराम करा."

नव्या घरात रंगाचा वास होता, खुर्च्या कमी होत्या आणि माणसं भिंतीला टेकायला घाबरत होती. टेबलाच्या मध्यभागी ताईंचं पातेलं आलं. ताईंनी झाकण काढलं. गप्पा मारणारे टेबलाजवळ सरकले. थोरलीने वास घेतला. कांदा भाजला होता. नीट, शेवटपर्यंत, खजुराच्या रंगावर.

"हा आईचा," धाकटा दीर पहिला घास खाऊन म्हणाला, आणि त्याने वाटी पुन्हा पुढे केली.

ताईंचे यजमान शेजारी सरकले आणि थोरलीच्या कानाशी लागले. "वहिनी, काय सांगू तुम्हाला. कांदा परतताना तिला बोलायला होत नाही. नजर हलवायची नसते ना. तेवढा वेळ घरात इतकं शांत असतं, की मला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आमच्याकडे घड्याळ वाजतं हे मला ठाऊकच नव्हतं. अशी आणखी एखादी भाजी आहे का हो?"

टेबलाच्या टोकाला ताई उभ्या राहून वाढत होत्या आणि सांगत होत्या. आईने लेकीसाठी कशी एक गोष्ट राखून ठेवली होती, वहिनीने ती किती इमानाने जपली, स्वतः कधी वापरलीसुद्धा नाही. काय गोष्ट, हे मात्र त्या सांगणार नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, की हॉस्पिटलात त्यांना ओळखणाऱ्या कोणी त्यांना ओळखलं नसतं.

"तरीच," धाकटी जाऊ पाव मोडत म्हणाली. "मी नेहमी म्हणायचे ना, थोरल्या वहिनींच्या रश्शात काहीतरी कमी असतं. त्यांचा दोष नाही हो. त्यांना घालायला परवानगीच नव्हती."

"कमी होतंच," भाची म्हणाली. "आता खाल्ल्यावर कळतं."

थोरलीच्या यजमानांनी चमचा खाली ठेवला. आयुष्यभर दुसऱ्याच्या भांडणात न पडलेला तो माणूस घसा खाकरून सरळ बसला आणि म्हणाला, "हे बघा, खरं सांगायचं तर..."

"अहो, पाव घ्या," थोरली म्हणाली, आणि त्यांच्या हातात दोन तुकडे दिले. त्यांनी पावाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. इतकी थोडी, की तीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसालाच ती दिसावी. ते पाव खायला लागले. बराच वेळ चावत राहिले.

जेवणं उरकत आली तेव्हा ताई आपलं ताट घेऊन थोरलीशेजारी येऊन बसल्या. सगळ्यांना वाढून झाल्यावरच त्या जेवायला बसल्या होत्या, आणि पातेल्यात उरलेली एकुलती एक तंगडी त्यांच्या ताटात होती. काही वेळ त्यांनी खाल्लं नाही. मग आवाज खाली आणला. त्यांना तो इतका खाली आणता येतो, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

"वहिनी, एक विचारू? तुला वाईट तर नाही ना वाटलं? आईने तुला वापरू दिलं नाही त्याचं?"

थोरलीने समोर बघितलं. धाकटा दीर पातेलं वाकडं करून पावाने तळ पुसत होता. धाकटी जाऊ पुढच्या वेळच्या जेवणाचं ठरवत होती आणि रस्सा ताईंच्या नावावर लावून मोकळी झाली होती. थोरलीने काय आणायचं यावर पहिल्यांदाच चर्चा चालली होती. कोणी काकडी म्हणत होतं, कोणी पाणी.

"थोडं वाटलं," ती म्हणाली.

ताईंनी मान डोलावली. आपल्या ताटातली तंगडी उचलून त्यांनी तिच्या ताटात ठेवली. थोरलीने नाही म्हटलं नाही. ती तंगडी तिने दोन्ही हातांनी धरली आणि सगळे उठून हात धुवायला गेले तरी एकटी बसून, घाई न करता, हाडापर्यंत खाल्ली.